पांझरा एकोणीस

हितेंद्र रोज सकाळी पेपर हातात घेतला की आधी आतलं पान काढायचा, गंधमुक्तीच्या जाहिरातींचं. खानदेशात माणूस गेला की बाराव्या-तेराव्याला गंधमुक्ती होते आणि तिची चौकट पेपरात येते. खाली सगळ्या भावकीची नावं, वर गेलेल्याचा फोटो, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर आधार कार्ड काढताना येतो तसा ताण. हितेंद्र फोटो बघत नसे. तो वय बघायचा आणि नावाच्या आधी काय लिहिलंय ते बघायचा. माणूस सत्तरच्या पुढचा असला, आणि माजी शिक्षक, बँडमास्तर, रेडिओ मेकॅनिक असलं काही असला, की पेनाने गोल. मग चौदाव्या दिवशी त्या घरी जाऊन, चप्पल बाहेर काढून, दिलेलं पाणी पिऊन विचारायचं, "घरात जुन्या रेकॉर्डी असतील का हो?"

तेरावा होईपर्यंत थांबायचं, हा त्याचा नियम होता. याला तो माणुसकी म्हणायचा.

त्याला सगळ्या रेकॉर्डी नको होत्या. त्याला हव्या होत्या फक्त 'पांझरा रेकॉर्ड्स, गल्ली नंबर चार, धुळे' यांच्या. जीवराम नावाच्या एका रेडिओ दुकानदाराला एकोणीसशे एकोणसत्तर साली वाटलं की मुंबईवाले गाणी काढतात तर आपण का नाही. त्याने दुकानामागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, एक माइक आणला, आणि आसपासच्या बायाबापड्यांची, बँडवाल्यांची, भजनी मंडळांची गाणी घेऊन मुंबईला छापायला पाठवली. सात इंची तबकड्या, दर बाजूला एक गाणं. गोधड्यांचा फारसा उपयोग झाला नव्हता. पांझरा चारमध्ये हातगाडी जाते. पांझरा सातमध्ये एक बकरी आहे, आणि ती गायकापेक्षा सुरात आहे. नऊ वर्षांत बत्तीस रेकॉर्डी काढून जीवराम बुडाला आणि पुढे शिलाई मशीन विकू लागला.

बत्तीसपैकी एकतीस हितेंद्रकडे होत्या. राहिली होती एकोणीस नंबरची. ती कुणी पाहिलेली नव्हती. जीवरामच्या छापील यादीत तेवढी एक ओळ होती: 'पांझरा १९. हळदीचे गाणे. गायिका: एक सुवासिनी.' बाकी सगळ्यांची नावं, अगदी ढोलकीवाल्याचंही, आणि हिचं नाही.

हितेंद्र जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात होता. प्लॅस्टिकच्या चटईची वीण बघायची आणि पास किंवा नापास म्हणायचं, एवढंच काम. दिवसभर चटया नापास करून तो पिंप्राळ्यातल्या फ्लॅटवर यायचा आणि रेकॉर्डी पुसायचा. त्याची बायको मेघा म्हणायची, "मला पास केलंस की अजून रांगेत आहे?"

मेघा रावेरची, केळीवाल्यांच्या घरातली. लग्न होऊन पहिल्यांदा ती या दारात आली तेव्हा मोठी पंचाईत झाली होती. नव्या नवरीला दारात अडवायचं काम नणंदेचं. नवरीने नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय नणंद दार सोडत नाही. हितेंद्र एकुलता एक. सख्खी नाही, चुलत नाही, कुठलीच बहीण नाही. दार अडवायला कुणी नव्हतं म्हणून मेघा माप ओलांडून सरळ आत आली आणि म्हणाली, "फॅन कुठला चालू होतो?" नाव तिने कधी घेतलंच नाही. जमत नाही म्हणाली. हितेंद्रलाही त्यात गंमत वाटली होती, तेव्हा.

मग यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मेघाचे वडील, प्रेमराज आबा, गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडून मंडळी परतली, बाया ओसरीत बसल्या होत्या, आणि हितेंद्रने सासूबाईंजवळ जाऊन हळूच विचारलं, "आई, आबांचा तो जुना प्लेअर माळ्यावर आहे ना? त्याच्यासोबत काही रेकॉर्डी?"

मेघा रडत होती, ती थांबली.

"तुझा तेराव्याचा नियम होता ना रे?"

"घरच्यांना लागू असेल असं वाटलं नाही," हितेंद्र म्हणाला. त्याला वाटलं, हसतील.

मेघा त्यानंतर जळगावला आली नाही. तिचं म्हणणं साधं होतं. घरात त्या रेकॉर्डी राहतील किंवा मी. हितेंद्रने फोनवर सांगितलं, "फक्त एकोणीस नंबर मिळू दे. मग सगळ्या देऊन टाकतो. आईची शपथ."

"किती दिवस?"

"कुणीतरी मरायला पाहिजे," तो म्हणाला. हे मात्र विनोद म्हणून नव्हतं. ते खरंच तसं होतं.

जूनमध्ये एक माणूस मेला. लोटन नाव, वय पंच्याहत्तर, धुळ्याच्या एका टॉकीजमधला निवृत्त ऑपरेटर. जाहिरातीत खाली भावकीची रांग नव्हती. 'शोकाकुल: यशोदाबाई (बहीण)' एवढंच. हितेंद्रने गोल काढला, दिवस मोजले आणि चौदाव्या दिवशी एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला उतरला.

घर गल्ली नंबर चारच्याच मागच्या बोळात होतं. दोन खोल्या, वर पत्रा. दरवाजा मात्र जुना, सागवानी, आणि त्याला आतून एकाखाली एक तीन कड्या. यशोदाबाई जमिनीवर बसून सुपात तुरीची डाळ निवडत होती. मोकळ्या कपाळाची, वाळक्या अंगाची, आणि मनगटं मात्र पैलवानासारखी.

"कोन गावना?"

"जळगावचा. पिंप्राळा."

"लोटनभाऊले वयखेत का तुमी?"

"नाही, ओळख नव्हती. पेपरात वाचलं."

तिने मान वर केली. "बठ्ठा लोके येतस आन सांगतस, आमी वयखूत. तुमीच पयला, खरं बोलनारा."

हितेंद्रने खाली मान घालून ते कौतुक घेतलं आणि कामाचं विचारलं. तिने सुपाने कोपऱ्याकडे दाखवलं. सुटकेसीसारखा बंद होणारा प्लेअर, आणि त्याच्यावर एकच रेकॉर्ड, कागदी पाकिटात. फिकट निळं लेबल. लाटांची खूण. पांझरा १९. एक सुवासिनी.

हितेंद्रने हात पँटला पुसले. "लावून बघू का?"

"बघा. पन सुई लावी तं शेवटलोंग ऐका. मझारमा उचलानी नही."

गाणं साधं होतं. ढोलकी नाही, पेटी नाही. एक बाई, तरणी, जरा नाकात गाणारी. *उनात वऱ्हाडी, मांडोमा जागा नही व माय.* वऱ्हाडी आले आणि मांडवात जागा नाही, मग ओट्यावर जागा नाही, मग अंगणात जागा नाही. दर कडव्याला गर्दी वाढत जाते आणि गाणारी तेवढी बाहेर बाहेर सरकत जाते. शेवटच्या कडव्यात ती गावाच्या वेशीवर उभी आहे. हितेंद्रने अशी गाणी शंभर ऐकली होती. यात बकरी नव्हती हे त्याला जरा कमीच वाटलं.

गाणं संपलं. खरखर चालू राहिली. आणि मग माइकच्या अगदी जवळून, न गाता, ती बाई बोलली.

"पांझराकाठे उंबर, उंबरले पार, लोटनरावनं नाव लेस, उघडा मंग दार."

मग लाकडावर बांगड्या वाजल्या. तीनदा. दारावर हात ठेवून कुणी वाट बघावी तशा.

यशोदाबाईने डाळीतून मान न काढता म्हटलं, "बंद शे. फिरी जाय."

बांगड्या थांबल्या. सुई मधल्या कागदापाशी जाऊन टकटक करू लागली. हितेंद्रने ती उचलली.

"लोटनभाऊंनी नाव घालून मुद्दाम बनवून घेतली होती का? ऑर्डर देऊन?"

"ज्यानी रेकॉर्ड, त्यानं नाव लेस ती." यशोदाबाईने एक खडा काढून बाजूला ठेवला. "भाऊ जाईसन पंधरा दिन व्हतीन आते. पन तिले आजून कोनी सांगं नही."

म्हातारपण, हितेंद्रने मनात नोंद केली. पन्नास वर्षं एका घरात एकच रेकॉर्ड वाजली तर भिंतसुद्धा असं बोलेल. त्याने हळूच रेकॉर्ड उजेडात धरली. ओरखडा नाही. पन्नास वर्षं वाजून एक ओरखडा नाही.

"लोटनभाऊंनी लग्न नाही केलं?"

"करं व्हतं. आठ दिनमा गयी ती. म्हने, या घरमा मनापेक्षा पयले कोनी शे." ती खाली बघूनच बोलत होती. "भाऊनी जलमभर त्या बाईनं नाव शोधं. जीवरामशेठले इचारं, बठ्ठी गल्लीले इचारं. कोनलेच माहीत नही. मी म्हनू, नाव कसाले पायजे तुले? ती बाहेर शे, बाहेर राहू दे."

"मला देता का ही?"

यशोदाबाईने सूप खाली ठेवलं. पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुमले बहीण शे का?"

"कशाला?"

"घरमा बहीण लागस. दार अडावाले. ती नाव लेस, मंग आपुन सांगानं, बंद शे. बायकोनी सांगीसन चालस नही. बहीणच पायजे. पन्नास वरीस मी दार धरी ठेयं, भाऊ. आते माना हात दुखतस." तिने मनगट चोळलं. "बहीण नही व्हई तं ही रेकॉर्ड मी चुल्हामा टाकसू."

चूल तिच्या मागेच होती. पेटलेली होती.

हितेंद्रला नंतर पुष्कळदा आठवलं की त्या क्षणी त्याने विचार असा केलाच नव्हता. नाव तोंडात तयार होतं, कुणीतरी आधीच आणून ठेवल्यासारखं.

"आहे की," तो म्हणाला. "मोहिनी. एरंडोलला दिलीये. नवरा वायरमन आहे. दोन पोरं. सारखी इकडेच असते."

"सभावनी कशी शे?"

"तिखट."

"तिखटच पायजे," यशोदाबाई म्हणाली आणि तिचे खांदे सैल पडले. तिने रेकॉर्ड पाकिटात घालून त्याच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. एका कागदावर शेजाऱ्याचा फोन नंबर लिहून दिला आणि दारापर्यंत आली. "मोहिनीले सांगज्यात, वैनी वैनी म्हनीसन तिना लाड करानं नही."

एसटीत हितेंद्रने पाकीट मांडीवर ठेवलं आणि पारोळ्यापर्यंत एकटाच हसत होता. मोहिनी. वायरमन. दोन पोरं. पोरांची नावंही सुचत होती.

रविवारी दुपारी, जेवण करून, त्याने ती घरी लावली. वऱ्हाडी आले, मांडवात जागा उरली नाही, गाणारी वेशीपर्यंत गेली. खरखर.

"पांझराकाठे उंबर, उंबरले पार, हितेंद्ररावनं नाव लेस, उघडा मंग दार."

त्याने परत लावली. परत हितेंद्रराव. त्याने फोनवर आवाज उतरवून घेतला, कानाला लावून ऐकला. हितेंद्रराव. त्याने पंखा बंद करून, खिडक्या लावून, पाचदा ऐकली. मग त्याने समजूतदार माणूस करतो ते केलं. कागदावर कारणं लिहिली. एक, लोटन आणि हितेंद्र ही नावं खरखरीत सारखीच ऐकू येतात. हे त्याने वाचून पाहिलं आणि खोडलं. दोन लिहिलंच नाही.

मग तो आवाज त्याने मेघाला पाठवला. खाली लिहिलं, 'बघ, कुणीतरी घेतलं माझं नाव.'

मेघाचं उत्तर तासाभराने आलं. 'घेऊ दे. एकोणीस नंबर मिळाला ना? मग आता सगळ्या द्यायच्या होत्या.'

'देतो. आठ दिवस ऐकू दे.'



सोमवारी कारखान्यातून आल्यावर त्याने ती लावली. मंगळवारी लावली. नाव घेणं झालं की बांगड्या वाजायच्या आणि तो गंमत म्हणून नणंदेचा आवाज काढून म्हणायचा, "बंद आहे गं बाई." पण त्या थांबत नव्हत्या. सुई मधल्या कागदावर टकटकू लागली तरी एखाददुसरी वाजून जायची.

बुधवारी त्याच्या ध्यानात आलं की बांगड्या लाकडावर वाजत नाहीयेत.

धुळ्याला त्याने ऐकलं होतं ते सागवान होतं, ठस, आवाज पिऊन टाकणारं. हा आवाज पातळ होता, किणकिणता, आणि वाजल्यावर जरा थरथरत राहणारा. लोखंडाचा. त्याने उठून आपल्या फ्लॅटच्या बाहेरच्या जाळीच्या दारावर पेन वाजवून पाहिलं. तोच आवाज. पन्नास वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डवर, पिंप्राळ्यात दोन हजार सतरा साली बसवलेलं जाळीचं दार वाजत होतं.

गुरुवारी संध्याकाळी मेघाशी फोनवर भांडण झालं. भांडणसुद्धा नाही. ती म्हणाली, "आबांच्या कपाटाची चावी आईने तुझ्यासाठी काढून ठेवलीये. तेरावा होऊन गेलाय, आता ये म्हणाली, काय न्यायचं ते घेऊन जा. तिला वाटतं, त्यासाठीच येशील." आणि ठेवला. हितेंद्रने चहा केला, तो कडू झाला, त्याने रेकॉर्ड लावली आणि कप घेऊन बसला. घरात त्याच्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

"...हितेंद्ररावनं नाव लेस, उघडा मंग दार."

बांगड्या वाजल्या.

"उघडंच आहे," हितेंद्र म्हणाला. "तुला तरी यायचंय ना? ये, बाई. ये."

बांगड्या थांबल्या. खरखरही थांबली. तबकडी फिरत होती आणि प्लेअरमधून काहीही येत नव्हतं, श्वास धरल्यासारखं. मग पंखा पुन्हा ऐकू यायला लागला. हितेंद्रने चहा संपवला.

शुक्रवारी रेकॉर्डवर नुसतं गाणं होतं. वेस आली, गाणं संपलं, खरखर झाली, आणि बास. तिने नाव घेतलं नाही. त्याने तीनदा लावून पाहिली. त्याला वाईट वाटलं. आपल्याला वाईट वाटतंय याचं त्याला हसू आलं.

शनिवारी कारखान्यातून परतला तर उंबऱ्याच्या आतल्या बाजूला तांदूळ सांडले होते. मूठभर, आणि आतल्या दिशेने पसरलेले, पायाने माप लवंडल्यासारखे. उंदीर, तो म्हणाला आणि झाडून घेतले. तांदळाच्या डब्याचं झाकण घट्ट होतं.

समोरच्या फ्लॅटमधले गिरधर नाना, एसटीतून निवृत्त कंडक्टर, जिन्यात भेटले. "सूनबाई आल्या वाटतं? बरं झालं भाऊ. दुपारभर बांगड्यांचा आवाज येत होता. घर कसं भरल्यासारखं वाटलं."

हितेंद्र जिना चढला नाही, पळाला. "मेघा?" म्हणत दोन्ही खोल्या, मोरी, गॅलरी. कुणी नव्हतं. त्याने फोन लावला.

"मी रावेरलाच आहे," मेघा म्हणाली. "का?"

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो कॅन्टीनकडे निघाला तर स्कूटरच्या हुकाला डबा होता. मेघा गेल्यापासून त्याने डबा नेला नव्हता. आत भरीत होतं, कळण्याची भाकरी, चटणीची पुडी. गरम. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि खाल्लं. चांगलं होतं. मेघाच्या हातापेक्षा चांगलं होतं, आणि हे आपल्या मनात आलं याचीच त्याला जास्त भीती वाटली.

त्याने धुळ्याचा नंबर लावला. शेजाऱ्याने यशोदाबाईला बोलावलं.

"मावशी, ती आता नाव घेत नाही."

"तुमी काय सांगं तिले?"

"ये म्हटलं. चुकून."

"मोहिनीले बलावा. लगेच. तिले म्हना, दारमा हुभी ऱ्हाय."

हितेंद्रने भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "मावशी, मोहिनी नाहीये. मला बहीण नाही. मी खोटं बोललो."

"मंग मोहिनी कोन शे?"

"कुणीच नाही. नाव नुसतं सुचलं."

"सुचनं," यशोदाबाई म्हणाली. तिने प्रश्न विचारला नव्हता. पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, अलगद, झोपलेलं कुणी उठू नये तसा.

त्या दिवशी हितेंद्रने आयुष्यात पहिल्यांदा दिलेला शब्द पाळला. बत्तीसच्या बत्तीस रेकॉर्डी एका खोक्यात बांधल्या आणि नाशिकच्या तेजसला, याच नादाच्या एका पोराला, एसटी पार्सलने पाठवून दिल्या. फुकट. तेजसचा फोन आला, तो जवळजवळ रडत होता. "एकोणीस नंबर पण? भाऊ, तू आजारी आहेस का?"

"लावलीस?"

"आत्ताच. काय गळा आहे! पण तू म्हणालेलास नाव घेते, ते नाहीये. गाणं झाल्यावर नुसती खरखर."

"नुसती खरखर," हितेंद्र म्हणाला. "बरं."

रिकाम्या फळ्यांचा फोटो त्याने मेघाला पाठवला. दुसऱ्या दिवशी रावेरला गेला. सासूबाईंनी कपाटाची चावी पुढे केली, ती त्याने दोन्ही हातांनी परत केली आणि त्यांच्या पाया पडला. काही विनोद केला नाही. मेघा हे दारातून बघत होती. ती आत जाऊन बॅग भरू लागली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. दोन्हीकडे केळीच्या बागा होत्या, केळी भरलेले ट्रॅक्टर रस्ता अडवत होते. सावद्याच्या पुढे तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "घर झाडलंस तरी का रे एवढ्यात?"

"झाडलेलं आहे," हितेंद्र म्हणाला. हे खोटं नव्हतं.

दुपारी बाराला ते जिना चढले. जाळीचं दार किल्लीने उघडलं. आतल्या लाकडी दाराचं कुलूप फिरलं. दार हललं नाही.

आतून कडी होती.

मेघाने त्याच्याकडे पाहिलं. "आत कोण आहे?"

"कुणी नाही."

दारात रांगोळी होती. ताजी. मेघाने ती पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं, मग दार वाजवलं.

आतून बांगड्या वाजल्या. सावकाश दारापर्यंत आल्या. थांबल्या.

"नाव ल्या," आतून बाईचा आवाज आला. गोड, जरा नाकातला. "मंग दार उघडसू."

मेघाचा चेहरा उतरला आणि मग, हळूहळू, बदलला. तिला वाटलं, त्याने घडवून आणलंय. शेजारणीला बसवलंय, लग्नात राहून गेलेलं करून घ्यायला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हितेंद्रला ते दिसलं.

"वेडा आहेस," ती म्हणाली. पदर नव्हता, तिने ओढणी सारखी केली.

"रावेरच्या केळीला जळगावचा भाव, घेते एकदाचं हितेंद्रचं नाव."

सात वर्षांत पहिल्यांदा.

मग तोच आवाज, समजुतीचा, रांगेत चुकून उभं राहिलेल्याला सांगावं तसा.

"हाई नाव मी लेयेल शे, अक्का. दुसरं सांगा."

मेघा दाराकडे बघत राहिली. मग हितेंद्रकडे.

"किती दिवसांपासून?" तिने विचारलं.

त्याने तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं, पण ते खोट्यापेक्षा वाईट वाटत होतं.

मेघाने बॅग उचलली आणि जिना उतरू लागली. तिच्या चपलांचा आवाज पहिल्या मजल्यावर आला, तळमजल्यावर आला. बाहेर रिक्षा थांबली. निघून गेली.

हितेंद्र उभा राहिला. समोरून गिरधर नाना पिशवी घेऊन निघाले. "काय भाऊ, किल्ली विसरले?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता उतरून गेले.

दारापलीकडे कुणीतरी कपाळ टेकवल्यासारखं लाकूड करकरलं.

"आते तुमना वारा," ती म्हणाली. आता तुमची पाळी.

लेबलावर नाव नव्हतं. यादीत नव्हतं. लोटनने जन्मभर शोधलं, त्याला मिळालं नव्हतं. हितेंद्रला आत जायचं नव्हतं. त्याला जिन्याकडे वळायचं होतं, रिक्षामागे धावायचं होतं. पण तोंडात काहीतरी तयार होतं. धुळ्यापासून तयार होतं.

"पांझराकाठे उंबर," तो म्हणाला. त्याला अहिराणी नीट येत नव्हती. "उंबरले पार. मोहिनीनं नाव लेस..."

कडी निघाली.

उंबऱ्यात तांदळाचं माप भरून ठेवलेलं होतं.

"उजवा पाय पयले," आतून ती म्हणाली.